शेठ वालचंद हिराचंद : उद्योगसंस्थापकाचे कष्ट आणि भाग्य

व्यापार हा जैन समाजाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवसाय आहे. धान्य, कापूस, कापड, सोने-चांदी, सावकारी अशा क्षेत्रांत समाजातील असंख्य घराण्यांनी सचोटी आणि काटकसर यांच्या बळावर नाव मिळवले. परंतु वाडवडिलांकडून चालत आलेली पेढी सांभाळणे वेगळे आणि जो व्यवसाय आपल्या घराण्यात, गावात, किंबहुना देशातही कोणी यशस्वी करून दाखवलेला नाही, तो नव्याने उभा करणे वेगळे. पहिल्या कामात पूर्वजांची पुण्याई पाठीशी असते. दुसऱ्यात ती काही अंतरापर्यंतच साथ देते आणि पुढची वाट ज्याची त्याला चालावी लागते.

या दुसऱ्या वाटेने आयुष्यभर चाललेले पुरुष म्हणजे सोलापूरचे शेठ वालचंद हिराचंद दोशी (१८८२–१९५३). भारतीय नौकानयन, जहाजबांधणी, विमाननिर्मिती, मोटारनिर्मिती आणि मोठी बांधकामे या क्षेत्रांच्या आरंभाशी त्यांचे नाव जोडलेले आहे. २००४ साली भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीटही काढले. त्यांच्या यशाचे गोडवे अनेकदा गायले जातात. येथे मात्र थोड्या वेगळ्या दृष्टीने त्या चरित्राकडे पाहावयाचे आहे. स्वतःचा उद्योग स्थापन करणाऱ्याच्या वाट्याला कोणते कष्ट येतात, त्याला कोणत्या अनुकूलता लाभतात आणि अखेरीस त्याच्या हाती काय उरते, या प्रश्नांची उत्तरे शेठजींच्या आयुष्यात जितकी स्पष्ट सापडतात तितकी क्वचितच अन्यत्र सापडतील.

घराणे आणि पेढी

दोशी घराणे मूळचे सौराष्ट्रातील वांकानेरचे. हुमड दिगंबर जैन समाजातील हे कुटुंब व्यापारानिमित्त महाराष्ट्रात आले आणि सोलापुरात स्थिरावले. तो काळ सोलापूरच्या भरभराटीचा होता. रेल्वे आली होती, कापसाची बाजारपेठ वाढत होती आणि १८७७ साली तेथे कापडाची पहिली गिरणी सुरू झाली होती. कापूस, धान्य आणि सावकारी हे दोशींच्या पेढीचे मुख्य व्यवहार होते.

२३ नोव्हेंबर १८८२ रोजी वालचंदांचा जन्म झाला. जन्मानंतर अल्पावधीतच त्यांचे मातृछत्र हरपले. वडील शेठ हिराचंद नेमचंद हे केवळ यशस्वी व्यापारी नव्हते. समाजसुधारणेची तळमळ असलेले ते विचारवंत गृहस्थ होते. ‘जैन बोधक’ हे नियतकालिक त्यांनी सोलापुरातून सुरू केले आणि धर्मविचार मराठीतून सामान्य श्रावकापर्यंत पोहोचावा म्हणून प्रयत्न केले. ज्या काळी अशा गोष्टींना समाजातूनच विरोध होत असे, त्या काळी एका व्यापाऱ्याने आपला पैसा आणि प्रतिष्ठा एका नव्या विचाराच्या पाठीशी उभी करावी, हे दृश्य वालचंदांनी बालपणापासून घरातच पाहिले होते.

सोलापुरात मॅट्रिकपर्यंतचे शिक्षण घेऊन वालचंद मुंबईच्या सेंट झेवियर्स व पुढे पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयात गेले. पदवी न घेताच ते घरच्या व्यवसायात परतले. परंतु पिढीजात व्यापारात त्यांचे मन रमेना. भावाच्या चढउतारावर नफा मिळवण्यापेक्षा काहीतरी प्रत्यक्ष उभे करावे, अशी त्यांची वृत्ती होती. ती पुरी होण्याचा योग रेल्वेच्या रुळांवरून आला.

फाटक आणि वालचंद

लक्ष्मणराव बळवंत फाटक हे पूर्वी रेल्वेत कारकून होते. नोकरी सोडून ते रेल्वेच्या कंत्राटी कामात शिरू पाहत होते. कामाचे अंदाजपत्रक कसे करतात, निविदा कशी भरतात, मोजमाप कसे होते, बिले कोणत्या टेबलावरून कोणत्या टेबलावर जातात, याची त्यांना खडान्‌खडा माहिती होती. त्यांच्याजवळ नव्हते ते भांडवल. वालचंदांजवळ अनुभव नव्हता, परंतु घराण्याच्या पेढीची पत होती. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हे दोघे एकत्र आले आणि ‘फाटक आणि वालचंद’ ही भागीदारी जन्मास आली. बार्शी लाइट रेल्वेच्या वाढीव मार्गाचे काम हे त्यांचे पहिले महत्त्वाचे काम.

कंत्राटदाराचा धंदा बाहेरून दिसतो तितका सोपा कधीच नव्हता. अनामत रक्कम आधी भरावी लागते. मजुरांचा पगार आठवड्याला द्यावा लागतो. चुना, दगड, लाकूड, अवजारे यांचा पैसा रोख मोजावा लागतो. सरकारी बिल मात्र काम मोजून, तपासून, मंजूर होऊन सवडीने निघते. मधल्या काळात मुरुमाऐवजी खडक लागला, पाऊस लवकर आला किंवा साथीच्या रोगाने मजूर पांगले, तर ठरलेला दर वाढवून मिळत नाही. अशा वेळी ज्याच्यामागे थांबायला तयार असलेला सावकार आहे तोच तगतो. वालचंदांच्या मागे तसा आधार होता. तो आधार घरचा होता.

हे नमूद करणे आवश्यक आहे, कारण ‘शून्यातून विश्व निर्माण केले’ असे वर्णन वालचंदांच्या बाबतीत खरे नाही. त्यांनी शून्यातून आरंभ केला नाही. वडिलांचा आणि चुलत्यांचा लौकिक, पेढीवरील विश्वास आणि महाविद्यालयीन शिक्षण ही त्यांची पहिली पुंजी होती. नवा उद्योग सुरू करणाऱ्याला लाभणारी ही पहिली अनुकूलता होय. तिचा अभिमान बाळगण्यापेक्षा तिची जाणीव ठेवणे अधिक योग्य. फाटकांजवळ ज्ञान होते, पण दार उघडणारी पत नव्हती. दोघांची गाठ पडली नसती तर कदाचित दोघेही आपापल्या जागी राहिले असते.

पुढे कामांचा व्याप वाढत गेला. पहिल्या महायुद्धात लष्करी बांधकामांना मोठी मागणी आली. १९२० साली ही संस्था टाटांच्या बांधकाम कंपनीत सामील झाली आणि तिची सूत्रे वालचंदांकडे आली. १९२६ साली हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी आणि त्याच वर्षी इंडियन ह्यूम पाइप कंपनी स्थापन झाली. बोर घाटातील रेल्वेचे बोगदे, सिंधू नदीवरील कालाबागचा पूल अशी कामे या काळात झाली. भारतीय माणूस छोटी-मोठी कंत्राटे घेऊ शकेल, पण बोगदे आणि मोठे पूल ही विलायती कंपन्यांचीच कामे, हा समज त्यामुळे मोडला. येथे एक विसंगती लक्षात घ्यावी लागते. ज्या सरकारच्या धोरणांशी वालचंद पुढे आयुष्यभर झगडले, तेच सरकार व त्याच्या रेल्वे कंपन्या हे त्यांचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक होते. पारतंत्र्यातील उद्योजकाला ही दोरीवरची कसरत चुकत नसे.

‘लॉयल्टी’ची सफर

वालचंदांच्या आयुष्याला खरी कलाटणी मिळाली ती १९१९ साली. दिल्लीहून मुंबईस परतताना आगगाडीतील एका इंग्रज प्रवाशाच्या बोलण्यातून त्यांना समजले की ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांची ‘लॉयल्टी’ ही आगबोट विक्रीस आहे. ही आगबोट १८९० साली इंग्लंडमध्ये बांधली गेली होती. ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ या नावाने ती पॅसिफिक महासागरात प्रवासी वाहत असे. महायुद्धात महाराजांनी ती विकत घेऊन रुग्णनौका म्हणून दिली होती. युद्ध संपले आणि बोट विक्रीस निघाली.

जहाजाच्या धंद्याचा वालचंदांना अनुभव नव्हता. तरीही नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लूभाई सामळदास या मुंबईच्या प्रतिष्ठित व्यापाऱ्यांना त्यांनी बरोबर घेतले. २७ मार्च १९१९ रोजी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन झाली. ग्वाल्हेरच्या महाराजांच्या घराण्यावरून कंपनीस नाव देण्यात आले. अवघ्या नऊ दिवसांनी, ५ एप्रिल १९१९ रोजी, ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनकडे निघाली. वालचंद स्वतः बोटीवर होते. दुसऱ्या दिवशी, ६ एप्रिलला, रौलट कायद्याच्या निषेधार्थ देशभर हरताळ झाला. म्हणजे देश ज्या दिवशी परकी सत्तेविरुद्ध दुकाने बंद करत होता, त्याच्या आदल्या दिवशी एक भारतीय जहाज त्या सत्तेच्या राजधानीकडे व्यापारासाठी निघाले होते. १९६४ पासून ५ एप्रिल हा दिवस राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो, तो याच सफरीच्या स्मरणार्थ.

स्मरणदिनांच्या भाषणांत येथेच थांबण्याची प्रथा आहे. परंतु उद्योगाच्या इतिहासात सफर निघाल्यानंतर काय झाले हे अधिक महत्त्वाचे असते. बोट जवळजवळ तीस वर्षांची जुनी होती. तिला दुरुस्तीचा मोठा खर्च लागला. इंग्लंडहून परतताना पुरेसा माल मिळवणे कठीण होते, कारण माल देणाऱ्या पेढ्या, विमा कंपन्या आणि वाहतूकदार यांचे जुने लागेबांधे होते व नव्या भारतीय कंपनीला त्यात शिरकाव नव्हता. ‘लॉयल्टी’ने कंपनीला पैसा मिळवून दिला नाही. १९२३ साली ती भंगारात विकली गेली. ज्या जहाजाच्या नावाने राष्ट्रीय दिन पाळला जातो, ते व्यापारी हिशेबाने तोट्याचे ठरले, हे सत्य नवउद्योजकांनी अवश्य ध्यानात ठेवावे. पहिला प्रयत्न फसला म्हणून उद्योग फसला असे होत नाही. मात्र तो फसल्यावर टिकून राहण्याची तयारी असावी लागते.

दरयुद्ध आणि दहा वर्षांचा करार

सिंदियाच्या आधी हा प्रयत्न कोणी केला नव्हता असे नाही. जमशेटजी टाटा यांनी १८९३–९४ च्या सुमारास पूर्वेकडील वाहतुकीसाठी जहाजांची सेवा सुरू केली होती. प्रतिस्पर्धी इंग्रज कंपनीने दर इतके उतरवले की ती सेवा बंद करावी लागली. १९०६ साली तुतिकोरीन येथे व्ही. ओ. चिदंबरम पिळ्ळै यांनी स्वदेशी स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. तीही दरयुद्धात आणि चिदंबरम यांच्या तुरुंगवासात खचली. वालचंदांना हा इतिहास माहीत होता. त्यांच्यापुढे उभी असलेली ब्रिटिश इंडिया कंपनी ही लॉर्ड इंचकेप यांच्या नियंत्रणाखालील बलाढ्य नौकासमूहाचा भाग होती.

दरयुद्धाची रीत साधी होती. नव्या कंपनीच्या मार्गावर मोठी कंपनी आपले दर खर्चाच्याही खाली आणी. तिचा तोटा इतर मार्गांवरील नफ्यातून भरून निघे. नव्या कंपनीला दुसरा मार्गच नसे. याशिवाय आणखी एक फास होता. जो व्यापारी आपला सर्व माल फक्त आमच्याच बोटींतून पाठवील, त्याला भाड्यातील काही भाग ठरावीक मुदतीनंतर परत मिळेल, अशी व्यवस्था जुन्या कंपन्यांनी केली होती. मधेच एखादा डाग स्वदेशी बोटीत भरला, तर साठलेली सारी सूट बुडे. त्यामुळे मनाने स्वदेशीचा पुरस्कार करणारे व्यापारीही माल मात्र इंग्रजी बोटीतच भरत. देशप्रेम आणि हिशेबाची वही यांत ओढाताण झाली की बहुधा वही जिंकते, हा अनुभव सिंदियाच्या संचालकांना दररोज येत होता.

त्यातच महायुद्धानंतरच्या तेजीत चढ्या भावाने घेतलेल्या जहाजांची किंमत मंदीत कोसळली. भागधारक अस्वस्थ झाले. कंपनी विकून टाकण्याचा मोह पडावा, अशी परिस्थिती निर्माण झाली. अखेर १९२३ साली सिंदिया आणि ब्रिटिश इंडिया यांच्यात दहा वर्षांचा करार झाला. दरयुद्ध थांबले आणि सिंदियाला किनारी वाहतुकीत मान्यता मिळाली. त्याची किंमत मात्र जबर होती. सिंदियाने आपली जहाजे ७५ हजार टनांपलीकडे वाढवावयाची नाहीत, भारत, ब्रह्मदेश आणि सिलोनच्या किनाऱ्याबाहेर जावयाचे नाही आणि प्रवासी वाहतूक करावयाची नाही, अशी बंधने तिच्यावर आली. ज्या कंपनीचा आरंभ लंडनच्या सफरीने झाला होता, तिला स्वतःच्या सहीने किनाऱ्यावर बांधून घ्यावे लागले.

हा करार शेठजींना गुलामीचा दस्तऐवज वाटे. तरीही त्यांनी तो स्वीकारला. हा शहाणपणा होता की पराभव, असा प्रश्न येथे उभा राहतो. आदर्शाच्या दृष्टीने पाहिले तर ती माघार होती. परंतु कंपनी मोडली असती तर तिसऱ्यांदा भारतीय नौकानयनाचा प्रयत्न बुडाला असता आणि चौथ्यांदा भांडवल घालण्यास कोणीही धजावले नसते. अपमानकारक अटींवर का होईना, संस्था जिवंत ठेवणे आणि अटी बदलण्यासाठी झगडत राहणे हा मार्ग त्यांनी निवडला. १९२८ साली मध्यवर्ती विधिमंडळात साराभाई नेमचंद हाजी यांनी किनारी वाहतूक भारतीय जहाजांसाठी राखून ठेवण्याचे विधेयक मांडले. त्यामागे सिंदियाचा आग्रह होता. विधेयक संमत झाले नाही, पण प्रश्न देशापुढे आला. १९३१ साली गांधीजींनीही ‘यंग इंडिया’त बलाढ्य परकी कंपन्या आणि खुजी ठेवलेली स्वदेशी कंपनी यांच्यातील विषम स्पर्धेकडे लक्ष वेधले. १९२९ साली नरोत्तम मोरारजी यांच्या निधनानंतर वालचंद कंपनीचे अध्यक्ष झाले आणि १९५० पर्यंत त्यांनी ती धुरा वाहिली. भारताचा किनारा भारतीय जहाजांसाठी राखून ठेवण्याचे धोरण प्रत्यक्षात आले ते स्वातंत्र्यानंतर, म्हणजे हाजींच्या विधेयकानंतर दोन दशकांहून अधिक काळाने.

माळरानावरील साखर

समुद्रावर हे चालले असताना जमिनीवर वालचंदांना वेगळा अनुभव येत होता. १९२३ साली नाशिक जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यात रावळगाव येथे त्यांनी पडीक, खडकाळ जमीन घेतली. पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात कळंब येथे नीरा कालव्याच्या पाण्यावर दुसरी शेती उभी राहिली. जमीन सपाट करणे, पाणी खेळवणे, चांगल्या बेण्याचा ऊस लावणे यात वर्षे गेली. पुढे दोन्ही ठिकाणी साखर कारखाने निघाले. कळंबच्या वसाहतीला वालचंदनगर हे नाव मिळाले. तेथे कारखान्याबरोबर शाळा, दवाखाना आणि कामगारांची घरे आली. कारखान्याची यंत्रे दुरुस्त करण्यासाठी निघालेल्या कार्यशाळेतून अवजड यंत्रनिर्मितीचा व्यवसाय वाढला. पुढे त्याच कंपनीने देशाच्या अणुऊर्जा व अवकाश कार्यक्रमांसाठी यंत्रभाग तयार केले.

साखरेला यश आले आणि नौकानयनाला इतका झगडा करावा लागला, यामागे शेठजींच्या कर्तृत्वातील फरक नव्हता. १९३२ साली सरकारने साखरधंद्याला संरक्षण देणारा कायदा केला. परदेशी साखरेवर जकात बसली आणि देशात तीसच्या आसपास असलेले आधुनिक कारखाने चार-पाच वर्षांत शंभराच्या पुढे गेले. कष्ट तेच, चिकाटी तीच, माणूसही तोच, फरक फक्त नियमांचा होता. उद्योजकाच्या यशात त्याच्या गुणांचा वाटा किती आणि राज्यकर्त्यांच्या धोरणाचा किती, याचे इतके स्वच्छ उदाहरण एकाच माणसाच्या आयुष्यात क्वचितच मिळते. म्हणूनच वालचंदांनी संघटनेकडेही तितकेच लक्ष दिले. १९२७ साली महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्स स्थापन करण्यात त्यांचा पुढाकार होता आणि पुढे अखिल भारतीय उद्योग-व्यापार महासंघाचे अध्यक्षपदही त्यांनी भूषवले. एकट्या कारखानदाराचा अर्ज फायलीत पडून राहतो, पण संघटनेचा ठराव निदान वाचला जातो, हे त्यांनी अनुभवाने जाणले होते.

विमान, जहाज आणि मोटार

१९३९ साली मोटारींच्या कारखान्याच्या प्रयत्नासाठी वालचंद अमेरिकेत गेले होते. परतीच्या प्रवासात पॅसिफिकवरील विमानात त्यांची विल्यम पॉले या अमेरिकन गृहस्थांशी गाठ पडली. पॉले चीनमध्ये विमाने जुळवण्याचा कारखाना चालवत होते. भारतात असा कारखाना का असू नये, हा विचार त्याच प्रवासात ठरला. ब्रिटिश सरकारने वेळ घालवला. युद्धाची झळ वाढल्यावर मात्र मान्यता मिळाली. म्हैसूर संस्थान आणि त्याचे दिवाण सर मिर्झा इस्माईल यांचे सहकार्य लाभले आणि २३ डिसेंबर १९४० रोजी बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन झाली. १९४१ साली तेथे जुळवलेले पहिले विमान आकाशात उडाले. तोवर भारत सरकारही कंपनीचे भागीदार झाले होते. जपानने युद्धात उडी घेताच विमानाचा कारखाना खाजगी हाती असू नये असे सरकारने ठरवले आणि एप्रिल १९४२ मध्ये वालचंदांचा हिस्सा विकत घेतला. स्थापनेनंतर दीड वर्षाच्या आतच संस्थापकाला संस्थेबाहेर पडावे लागले.

जहाजबांधणीच्या कारखान्यासाठी विशाखापट्टणमची निवड झाली. २१ जून १९४१ रोजी डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते कोनशिला बसली. एप्रिल १९४२ मध्ये जपानी विमानांनी त्या बंदरावर बाँब टाकले आणि काम विस्कळीत झाले. तरीही प्रयत्न सुटला नाही. १४ मार्च १९४८ रोजी पंतप्रधान पंडित नेहरूंच्या हस्ते ‘जलउषा’ हे जहाज समुद्रात सोडण्यात आले. परंतु जहाज बांधण्याचा खर्च परदेशांतील किमतींपेक्षा अधिक होता आणि एवढा भार एका खाजगी कंपनीला पेलणारा नव्हता. १९५२ साली हा कारखाना सरकारच्या नियंत्रणाखालील हिंदुस्थान शिपयार्ड कंपनीकडे गेला.

मोटारींची कल्पना सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी १९३० नंतरच्या वर्षांत नेटाने मांडली होती आणि वालचंदांनी ती उचलून धरली. अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीशी १९४० मध्येच बोलणी यशस्वी झाली, पण युद्धकाळात सरकारने साथ दिली नाही. १९४४ साली प्रीमिअर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली आणि १९४७ साली मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातून वाहने बाहेर पडू लागली. पुढे फियाटच्या सहकार्याने तयार झालेली आणि ‘पद्मिनी’ या नावाने ओळखली गेलेली मोटार अनेक दशके मुंबईच्या टॅक्सीचे रूप होऊन राहिली.

कष्ट कोणते, भाग्य कोणते

या सर्व प्रवासाचा ताळेबंद मांडला तर काय दिसते? कष्टांच्या बाजूला अनेक नोंदी आहेत. जुन्या जहाजाचा तोटा, दरयुद्ध, अपमानकारक करार, वर्षानुवर्षे रखडलेल्या परवानग्या आणि आपण लावलेली रोपे दुसऱ्याच्या अंगणात जाताना पाहणे. हे कष्ट एकट्या वालचंदांचे नव्हते. तेजीत भाग विकत घेऊन मंदीत हवालदिल झालेले लहान भागधारक, घाटात बोगदे खोदणारे मजूर, माळरानावर ऊस उभा करणारे शेतमजूर यांची नावे कोणत्याही ताळेबंदात येत नाहीत, पण त्यांनीही या धाडसाची किंमत चुकवली. संस्थापकाचा गौरव करताना त्यांचे विस्मरण होऊ नये.

दुसऱ्या बाजूला अनुकूलतेच्या नोंदी आहेत. घराण्याची पत, शिक्षण, महाराजांपासून मंत्र्यांपर्यंत जाऊ शकणारा वावर आणि एका धंद्यातील तोटा दुसऱ्या धंद्याच्या नफ्यातून सोसण्याची ताकद. सिंदिया तगली तेव्हा तिच्या अध्यक्षांच्या मागे बांधकाम व्यवसायाचा भक्कम आधार होता. चिदंबरम पिळ्ळै यांच्याजवळ तसा आधार नव्हता. धैर्यात ते तसूभरही उणे नव्हते. म्हणून अपयशी उद्योजकाकडे तुच्छतेने पाहण्याचा अधिकार कोणालाही नाही.

परंतु या सर्वांहून मोठे असे एक भाग्य आहे आणि ते संस्थापकालाच लाभते. अद्याप जे नाही ते असावे, असे ठरवण्याचे आणि पहिला दगड ठेवण्याचे ते भाग्य. १९४२ साली बंगळूरचा कारखाना हातून गेला. त्यानंतर दोनच वर्षांत वालचंदांनी प्रीमिअरची स्थापना केली. उद्योगाकडे ते केवळ मालमत्ता म्हणून पाहत असते, तर मिळालेली किंमत घेऊन ते स्वस्थ बसले असते.

१९५० साली प्रकृतीच्या कारणाने त्यांनी सिंदियाचे अध्यक्षपद सोडले. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधील सिद्धपूर येथे त्यांचे देहावसान झाले.  उद्योगांची धुरा बंधूंनी आणि पुतण्यांनी सांभाळली. सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला आणि सोलापूरच्या शिक्षणसंस्थांना त्यांचे नाव मिळाले.

काळाच्या ओघात या संस्थांचे भवितव्य निरनिराळे ठरले. सिंदियाची जहाजे आज समुद्रावर नाहीत. मुंबईतील अखेरच्या ‘पद्मिनी’ टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. रावळगावच्या गोळ्यांचे नाव २०२४ साली दुसऱ्या मोठ्या उद्योगसमूहाकडे गेले. उलट जो विमान कारखाना शेठजींच्या हातून सर्वांत आधी गेला, तो १९६४ नंतर हिंदुस्थान एरोनॉटिक्स या नावाने देशाच्या संरक्षणाचा आधारस्तंभ बनला. विशाखापट्टणमचा कारखाना आजही जहाजे बांधतो आहे. जे आपल्या मालकीचे राहिले ते टिकेलच असे नाही आणि जे मालकीचे राहिले नाही ते व्यर्थ गेले असेही नाही. परिग्रहाच्या मर्यादेचा विचार ज्या परंपरेने सांगितला, त्या परंपरेत वाढलेल्या वाचकाला याचा अर्थ उलगडून सांगण्याची आवश्यकता नाही.

वालचंदांच्या चरित्रातून आजच्या तरुणांनी धाडस, चिकाटी आणि संघटन हे गुण घ्यावेत, हे खरेच. परंतु समाजातील ज्येष्ठांनी आणि संस्थांनीही त्यातून एक बोध घेण्यासारखा आहे. या साऱ्या इतिहासाचा आरंभ एका माजी कारकुनापासून झाला. त्याच्याजवळ ज्ञान होते, हिंमत होती, फक्त पत नव्हती. सोलापूरच्या एका पेढीने त्याला परत पाठवले नाही. आजही असे लक्ष्मणराव गावोगावी आहेत. कागदांची गुंडाळी काखेत घेऊन ते कोणाच्या ना कोणाच्या ओसरीवर बसलेले असतात. त्यांचे म्हणणे स्वस्थपणे ऐकून घेणे आणि पटले तर आपली पत त्यांच्या पाठीशी उभी करणे, हेच शेठ वालचंद हिराचंद यांचे यथार्थ स्मरण ठरेल.